लाभुबेनचा साफ रिपोर्ट

थानगढच्या त्या गल्लीत धरमशीभाईंच्या हृदयाची जेवढी ओळख होती, तेवढी खुद्द धरमशीभाईंची नव्हती. दोन वर्षांपूर्वी राजकोटला त्यांच्या हृदयाच्या तुंबलेल्या नळीत स्प्रिंग बसवली आणि तेव्हापासून ते हृदय घरातलं कर्तं माणूस झालं. भाजीत तेल किती पडायचं ते हृदय ठरवी. टीव्हीचा आवाज, कारखान्यात कामगारांवर ओरडण्याची पट्टी, कुणाच्या बारशाला जायचं आणि कुणाच्या बाराव्याला नाही, सगळं तेच ठरवी.

आजाऱ्याची खबर काढायला जाणं हा तिकडे धर्म आहे. लग्नाला गेलं नाही तर लोक रुसतात. दुखण्याला गेलं नाही तर संबंध संपतात. त्यामुळे स्प्रिंग जुनी झाली तरी माणसं येतच होती. येताना शहाळी आणायची आणि झोपाळ्यासमोर रांगेनं बसायची. मग धरमशीभाई पहिल्यापासून गोष्ट सांगायचे. "डॉक्टर मला म्हणाले, काका, अर्धा तास उशीर झाला असता ना..." हा अर्धा तास सांगता सांगता आटत गेला होता. परवा भावनगरहून आलेल्या साडूंना त्यांनी दोनच मिनिटं सांगितली, आणि साडूंच्या हातातली बशी हलली.

गोष्ट इस्पितळाच्या लिफ्टपर्यंत आली की आतून चहा यायचा. तो लाभुबेन आणायच्या. धरमशीभाईंच्या बायकोला ती गोष्ट इतकी पाठ होती की, नवऱ्याच्या तोंडून 'स्ट्रेचर' हा शब्द आला की त्या आलं ठेचायला घ्यायच्या.

लाभुबेन मुळी गावाकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या. माहेर कुंभाराचं, सासरही कुंभाराचं. फक्त माहेरी मडकी व्हायची आणि सासरी वॉशबेसिनं. नवी नवरी म्हणून त्यांनी जी पहिली वस्तू हातात घेतली, ती ओलं, जड, लहान मुलासारखं घसरणारं बेसिन होतं. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी बेसिनं झिलईच्या टाकीत बुडवली, बाहेर काढली, कडेवर घेऊन भट्टीपाशी नेली. अश्विन पोटात असतानाही नेली. मग अश्विन मोठा झाला, यंत्रं आली, कामगार आले. आणि एके दिवशी मुलानं आईला, म्हणजे तिकडच्या बोलीत 'बा'ला, सांगितलं, "बा, तू आता आराम कर." म्हणजे कारखान्यातून निवृत्त होऊन त्या स्वयंपाकघरात रुजू झाल्या. तिथून मात्र अजून कुणी निवृत्त झाल्याचं ऐकिवात नाही.

त्यांची बोटं सकाळी सुजलेली असायची. मूठ मिटायची नाही. गरम पाण्यात हात धरून बसलं की तासाभरानं बाजरीचं पीठ मळण्याइतकी बोटं वाकायची. ते संधिवाताचं, आणि संधिवात काय, गल्लीतल्या निम्म्या बायकांना होता. पण गेल्या वर्षापासून दुसरंच काही सुरू झालं होतं. वाळवण घालायला गच्चीवर जाताना मधल्या वळणावर श्वास संपायचा. पाण्याची घागर उचलली की जबडा दुखायचा, जणू कुणी आतून अडकित्ता लावलाय. कधी पाठीत, खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये, कळ यायची. लाभुबेननी स्वतःच निदान केलं: गॅस. थानगढात गॅस हे शेवटचं निदान आहे. त्याच्या पुढे वैद्यकशास्त्र जात नाही. त्यांनी ओवा चघळला, हिंगाचं पाणी पोटावर चोळलं आणि चहा उकळत ठेवला.

भाद्रपदातल्या एका दुपारी, बाहेर गोष्ट लिफ्टपर्यंत आली आणि चहा आला नाही.

"अगं, पाहुणे वाट बघतायत," धरमशीभाईंनी झोपाळ्यावरून आवाज दिला.

आत लाभुबेन ओट्याला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. लुगडं घामानं चिंब, ओठ पांढरे. तरी कपांचा ट्रे त्यांनी मांडीवर सरळ धरला होता. एक थेंब सांडला नव्हता.

राजकोटला त्यांना आत नेलं आणि बाहेरच्या बाकावर सगळं घर ओळीनं बसलं. त्यात मोंघीबेन होत्या. या धरमशीभाईंच्या मोठ्या बहीण. नवरा लवकर गेला, घर मागच्या गल्लीत, पण वावर सगळा भावाकडे. लाभुबेनना त्यांनी नवी नवरी असल्यापासून ओरडून ओरडून वाढवलं होतं आणि बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसूनही. मोंघीबेननी पदर डोक्यावर ओढला, डोळे मिटले आणि इस्पितळाच्या शांततेची पाटी समोर असताना खड्या आवाजात मागणं मागितलं:

"हे चोटिल्याच्या चामुंडा माते, माझ्या लाभुचा रिपोर्ट साफ येऊ दे! ती अनवाणी तुझा डुंगर चढेल. आणि ती चढेपर्यंत माझ्या तोंडात चहाचा थेंब जाणार नाही!"

मोंघीबेन आणि चहा हे नातं त्यांच्या लग्नापेक्षा जुनं आणि जास्त टिकलेलं होतं. नवस फिटेपर्यंत आवडती वस्तू सोडायची, याला तिकडे बाधा घेणं म्हणतात. घरातल्या एकानं एवढी मोठी बाधा घेतल्यावर बाकीच्यांनी हात बांधून कसं बसायचं?

"मी मावा सोडला," अश्विन म्हणाला, आणि गालातला मावा बाहेर टाकून आला.

"मी पाणीपुरी," सून किंजल डोळे पुसत म्हणाली.

"मी गाठिया सोडले," धरमशीभाई म्हणाले.

मोंघीबेननी एक डोळा उघडला. "तुला ते डॉक्टरनं दोन वर्षांपूर्वीच बंद केलेत."

"डॉक्टरनं बंद केले होते. मी आज सोडतोय."

तेवढ्यात डॉक्टर हसत बाहेर आले. "नळ्या एकदम साफ! या वयात अशा नळ्या बघायला मिळत नाहीत. कुठे अडथळा नाही, काही नाही. गॅस असेल. थोडं टेन्शन. बायकांना या वयात होतं असं."

मोंघीबेननी तिथेच जमिनीला हात लावून कपाळाला लावला. किंजल हसता हसता रडली. धरमशीभाईंनाही आनंद झाला, पण त्यात एक बारीकसं कुसळ होतं. आयुष्यभर एका ताटातलं खाऊन यांच्या नळ्या तुंबलेल्या आणि हिच्या साफ! घरी परतताना ते दोनदा म्हणाले, "माझ्या तीनातली एक तर पूर्ण बंद होती हो."

गल्लीत पेढे वाटले. खबर काढायला आलेल्यांना गोष्ट ऐकायला मिळाली नाही. साफ रिपोर्टची गोष्ट एका वाक्यात संपते. ते पुन्हा धरमशीभाईंच्या लिफ्टकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाभुबेननी पाण्याची घागर उचलली, आणि जबड्यात तोच अडकित्ता बसला.

भिंतीला हात टेकून त्या उभ्या राहिल्या. काल वाटलेल्या पेढ्यांचा रवा अजून लोकांच्या दातांत असेल. आता कुणाला सांगायचं, आणि काय? दुखतंय म्हणावं तर राजकोटचा एवढा मोठा डॉक्टर खोटा. दुखतंय म्हणावं तर मातेनं दिलेलं दान खोटं. आणि त्याहून वाईट, दुखतंय म्हणावं तर आपण नाटकी. लाभुबेन आयुष्यात बऱ्याच गोष्टी सोसून होत्या, पण 'नाटकं करते' हे वाक्य त्यांना कधी कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हातारपणी ते ऐकायची तयारी नव्हती. कळ ओसरली. त्यांनी घागर अर्धी ओतली आणि अर्धी उचलून नेली. पाणी दोन खेपांत आणलं तर कुणाला कळतं?

इथून घरात विचित्र दिवस सुरू झाले. चार माणसं चार आवडत्या वस्तूंवाचून झुरत होती आणि चौघांची सुटका लाभुबेनच्या पायात होती.

मोंघीबेन सकाळी उजाडता येऊन स्वयंपाकघरात चुलीजवळ पाट मांडून बसायच्या. कपाळाला फडकं घट्ट बांधलेलं. पाहुण्यांचा चहा उकळायला लागला की मान पुढे करून डोळे मिटायच्या.

"मोंघीबेन, हे काय?"

"वास घेते. वासाची बाधा नाही घेतली मी." मग डोळे न उघडताच, "लाभु, डुंगराचं काय ठरलं?"

आधी नवरात्र होतं. तेव्हा चोटिल्याला मुंगीला वाट मिळत नाही. मग दिवाळी. मग दूरच्या एका काकांनी देह ठेवून लाभुबेनवर उपकार केले आणि सुतकात आणखी काही दिवस गेले. मग बोटं फार सुजली, आणि खरंच सुजली. प्रत्येक कारण खरं होतं, पण खरी कारणं एकापाठोपाठ एक आली की ती सबबीसारखी दिसायला लागतात.

"बा," अश्विन जेवताना म्हणायचा, "घाई नाही हां. तुझ्या सवडीनं. फक्त मावा नसला की कामगारांवर उगाच हात उगारावासा वाटतो."

"माझं सोडा," धरमशीभाई म्हणायचे, "पण मोंघीबेनचं वय बघ. या वयात चहा सुटणं बरं नाही. हृदयाला धक्का बसतो." हृदयाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा होता.

संध्याकाळी पाणीपुरीवाल्याची घंटा गल्लीत वाजली की किंजल गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला जायची, आणि कपडे काढून झाल्यावरही वरच उभी राहायची.

लाभुबेनना वाटे, यांनी रागावावं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. हे सगळे आपल्यासाठी उपाशी होते. ज्या दोरीनं आपल्याला बांधलंय ती दोरी प्रेमाची असली म्हणजे सोडवायला हात कसा घालायचा? रात्री अंथरुणात पडून त्या डुंगराच्या पायऱ्या मनातल्या मनात चढून बघायच्या. घरच्या गच्चीचं मधलं वळण आलं की तिथेच श्वास संपायचा, आणि चोटिल्याला तर अशी वळणं किती! शेजारी धरमशीभाई एका लयीत घोरत असायचे. त्या आवाजाकडे सगळ्या घराचं लक्ष असे. घोरणं थांबलं तर पलीकडच्या खोलीतून अश्विन उठून यायचा. लाभुबेनच्या श्वासाचा आवाज मुळातच कमी. त्यामुळे तो थांबला काय आणि चालला काय, कळायची सोय नव्हती.

पौषात बोटं अशी आखडली की रोटला थापता येईना. तेव्हा किंजलनं ऐकलं नाही. "बा, वांकानेरला सांध्यांची एक डॉक्टर आलीय. चला. डुंगर चढायचा तर निदान नारळ तरी हातात धरता यायला हवा."

डॉक्टर नफीसा तिशीतली होती, बोलायला भरभर आणि ऐकायला सावकाश. तिनं एकेक बोट दाबून बघितलं, मनगट फिरवलं, आणि मग कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"बा, जिना चढताना दम लागतो?"

लाभुबेननी दाराकडे बघितलं. तिथे किंजल उभी होती.

"गॅस आहे," त्या म्हणाल्या.

"गॅसचं राहू दे. दम लागतो?"

"...लागतो."

"छातीत दाब? पाठ? जबडा?"

जबडा म्हटल्याबरोबर लाभुबेनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या दुखण्याला पत्ता आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे, हे त्यांना पहिल्यांदा कळत होतं.

"पण त्यांची अँजिओग्राफी झालीय," किंजल घाईघाईनं म्हणाली. "एकदम साफ. काही नाही निघालं."

"खरंच साफ असेल. त्यात मोठ्या नळ्या दिसतात. म्हणजे बघा, हमरस्त्याचा फोटो काढला, रस्ता मोकळा आहे. पण गल्लीबोळात आग लागली असेल तर हमरस्त्याच्या फोटोत दिसेल का?" डॉक्टरनं लाभुबेनचा सुजलेला हात आपल्या हातात ठेवला. "आपल्या रक्तात राखणदार पेशी असतात. बाहेरचा कुणी घुसला की त्याच्यावर तुटून पडायचं, हे त्यांचं काम. बायकांचे राखणदार बहुधा जास्त तिखट असतात. म्हणून कितीतरी दुखण्यांशी आपण पुरुषांपेक्षा बऱ्या झुंजतो. पण कधी कधी त्यांना घरचं कोण आणि चोर कोण हे कळेनासं होतं. मग ते घरावरच काठी चालवतात. तुमच्या बोटांत तेच झालंय. आणि अशी आग वर्षानुवर्षं चालली की ती बोटांतच राहत नाही. हृदयाच्या बारीक बारीक नळ्यांनाही सूज आणते. पाळी होती तोवर तुमच्यावर थोडं पांघरूण होतं. आता तेही गेलं."

"पण ह्यांना तर," लाभुबेन म्हणाल्या, "ह्यांना छातीत दगड ठेवल्यासारखं झालं होतं. डाव्या हातात कळ. सगळं तसं, सांगतात तसं."

"त्यांचं पुरुषांचं दुखणं. मोठी नळी तुंबते, दणका बसतो, सगळ्यांना दिसतं. बायकांनाही तसं होतं, पण बऱ्याच जणींचं दुखणं असं आडवाटेनं येतं. दुखतं जबड्यात आणि लोक देतात ओवा." तिनं गोळ्या दिल्या. एक जिभेखाली ठेवायची, कळ आली की. "अहमदाबादला एक तपासणी करून घ्या, बारीक नळ्यांची. तोवर चढउताराचं काही नको. जड उचलायचं नाही."

"डुंगर?" लाभुबेननी विचारलं.

"कुठला डुंगर?"

"चोटिला."

"अजिबात नाही," डॉक्टर म्हणाली. "अर्ध्या वाटेत काही झालं तर खाली कोण आणणार?"

परतीच्या बसमध्ये गोळ्यांची पुडी लाभुबेनच्या मांडीवर होती. थानगढ जवळ आलं तेव्हा किंजल म्हणाली, "मी सांगते घरी. तुम्ही नका बोलू."

तिनं सांगितलं, चांगलं सांगितलं, हमरस्ता आणि गल्लीसकट सांगितलं. धरमशीभाई झोपाळा थांबवून ऐकत होते.

"कसली डॉक्टर म्हणालीस?"

"सांध्यांची."

"बोटांची डॉक्टर हृदयाचं सांगते!" त्यांनी झोपाळ्याला पायानं झोका दिला. "उद्या डोळ्यांचा डॉक्टर गुडघा कापेल. अगं, राजकोटच्या मशिनीत माझी नळी बंद दिसली की नाही? दिसली. मग हिची साफ दिसली ती का खोटी? मशीन काय माणूस बघून बोलतं?"

"पप्पा, ती म्हणाली की बायकांचं..."

"हृदयात बायका-पुरुष कुठून आले? हृदय ते हृदय."

मोंघीबेन चुलीजवळून म्हणाल्या, "मातेनं साफ दिलंय. त्यावर आता शंका घेत बसायचं नाही. उगाच शब्द मागे घेतल्यासारखं होतं, आणि ती काही आपल्या गल्लीतली नाही, चामुंडा आहे. ते काही नाही, माघी पौर्णिमेला निघायचं. हळूहळू चढू. मी आहे ना बरोबर."

सगळ्यांनी लाभुबेनकडे बघितलं. फडकं बांधलेलं कपाळ, मावा नसलेला गाल, वाळलेले कपडे काढायला गच्चीवर जाणारी पोर. किंजलनं डोळ्यांनी सांगितलं: बोला ना, बा.

"बरं," लाभुबेन म्हणाल्या.

पौर्णिमेच्या सकाळी चोटिल्याच्या पायथ्याशी चपला काढल्या तेव्हा दगड थंडगार होते. धरमशीभाईंनी मोठ्यानं मातेचा जयजयकार केला आणि दुरुस्त झालेल्या हृदयाच्या तोऱ्यात पहिल्या पायऱ्या झपाझप चढून गेले. अश्विन नारळाची पिशवी घेऊन त्यांच्या मागे. रिपोर्टची फाइल मातेच्या पायाशी ठेवायला आणली होती, ती किंजलच्या झोळीत होती. किंजल सासूच्या एका बाजूला, मोंघीबेन दुसऱ्या बाजूला.

माणसांचा लोंढा होता. थांबावं तर मागचा ढकलत होता, बाजूला व्हावं तर प्रसादाच्या दुकानांची रांग. खाली उतरणारे दुसऱ्या कडेनं येत होते. लाभुबेन एकेक पायरी मोजून नव्हे, मातेकडे मागून चढत होत्या: माते, एवढी एक. आता एवढी एक. पाठीत कळ आली. एवढी एक. मग खालचा जबडा आवळला. वर धरमशीभाईंचा आवाज ऐकू आला, "चला, चला! मला स्प्रिंग असून मी चढतोय!" लोक कौतुकानं त्यांच्याकडे बघत होते.

लाभुबेनचा पाय उचलला आणि तसाच राहिला. डोळ्यांपुढे पायऱ्या पांढऱ्या झाल्या. त्यांनी कठड्याची लोखंडी नळी धरली.

"दमलीस? बस घटकाभर," मोंघीबेन म्हणाल्या.

"बसून नाही व्हायचं, मोंघीबेन."

"का? काय झालं?"

"दुखतंय."

हा शब्द इतका हळू होता की मोंघीबेननी कान जवळ नेला. "काय म्हणालीस?"

"दुखतंय मला. जबड्यात. पाठीत. इथे." मागचा एक गृहस्थ 'जरा बाजूला' म्हणून कुरकुरत गेला. लाभुबेन कठड्याला धरून खाली बसल्या. "पेढे वाटले ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुखतंय. रोज दुखतंय."

किंजलनं घाईनं झोळीतून गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली. मोंघीबेन नुसत्या बघत राहिल्या. रोज त्या चुलीजवळ याच बाईपासून दोन हातांवर बसून होत्या, आणि त्यांना फक्त पातेलं दिसलं होतं.

"आणि तू सांगितलं नाहीस? एवढे महिने?"

"तुम्ही चहा सोडला होतात."

"चहा!" मोंघीबेनचा आवाज चढला तशी चार माणसं थांबली. "मेले, चहा मी सोडला होता, तू जीभ सोडलीस होय? चहाचं काय, मी पाणी सोडलं असतं! तुझ्या मढ्यावर बसून मी चहा पिणार होते का गं?" आणि मग त्यांनी लाभुबेनच्या डोक्यावरचा पदर सारखा केला, कपाळावरचा घाम आपल्या पदरानं टिपला, आणि शेजारी पायरीवर बसकण मारली. मागचा लोंढा दोघींना वळसा घालून जाऊ लागला.

वरून धरमशीभाई उतरून आले. "काय झालं? गॅस का?"

"गॅस तुझ्या डोक्यात," मोंघीबेन म्हणाल्या. "पोरीला दुखतंय. रोज दुखतंय."

"पण रिपोर्ट..."

"थांब. मला आठवू दे." मोंघीबेननी डोळे मिटले. ओठ हलत होते. मग त्यांनी कपाळावर हात मारला, असा की फडकं सैल झालं. "माझीच चूक. धरमशी, तू होतास ना बाकावर? मी मातेकडे काय मागितलं? 'लाभुचा रिपोर्ट साफ येऊ दे.' हेच ना? लाभुला बरं कर असं मी म्हटलंच नाही! आईनं काय करावं? मागितलं ते दिलं. रिपोर्ट साफ मागितला, रिपोर्ट साफ दिला. काळजाचं कुणी बोललंच नाही."

धरमशीभाई बायकोसमोर उकिडवे बसले. गोष्टीत सांगतात तसा डावा हात धरलेला नव्हता, छातीवर दगड नव्हता. नुसता एक राखाडी चेहरा होता, आणि तो त्यांनी घरात कितीदा तरी पाहिला होता.

"लाभु," ते म्हणाले, "माझ्यासारखंच होतंय का गं?"

"नाही हो," लाभुबेन म्हणाल्या. "तुमच्यासारखं नाही."

"मग नवसाचं काय?" अश्विन हळूच म्हणाला. त्याला मारायला मोंघीबेननी हात उचलला, आणि अर्ध्यातच थांबवला. प्रश्न खरा होता. देवीचा शब्द डुंगराच्या मध्यावर टाकून खाली जाता येत नाही.

"ज्याच्यासाठी नवस केला तो चढेल," त्या म्हणाल्या. "किंजल, काढ ती फाइल. अश्विन, घे. चपला काढल्यायस ना? जा. मातेच्या पायाशी ठेव आणि सांग, तू साफ केलास तो हा रिपोर्ट आलाय. फिटलं म्हणावं. माणूस आम्ही खाली घेऊन चाललोय, त्याचं वेगळं मागणं आहे."

अश्विन फाइल डोक्याशी धरून गर्दीत दिसेनासा झाला. मोंघीबेन उठून उभ्या राहिल्या, डुंगराच्या टोकाकडे तोंड केलं, पदर सारखा केला. "आता नीट मागते. माते, माझ्या लाभुचं काळीज..."

"मोंघीबेन!"

लाभुबेन कठड्याला धरून उभ्या राहिल्या होत्या. आवाज मोठा नव्हता, पण घरातल्यांनी तो कधी ऐकला नव्हता.

"माझ्या नावानं कुणी काही सोडायचं नाही. चहा नाही, मीठ नाही, काही नाही. आणि कुणी काही कबूल करायचं नाही."

"अगं, पण मातेला नुसतं कोरडं कसं..."

लाभुबेननी एक पाय उचलून वरच्या पायरीवर ठेवला. "घ्या बाधा. मी निघाले वर."

मोंघीबेननी दोन्ही हात जोडले. ते मातेला की भावजयीला, ते त्या दोघींनाच ठाऊक. पण तोंड मिटलं. धरमशीभाईही काहीतरी सोडायच्या बेतात होते, ते खोकल्यासारखं करून गप्प बसले. "अहमदाबादला कधी जायचं म्हणाली ती?" त्यांनी सुनेला विचारलं. "ती बोटांची डॉक्टर."

"मंगळवारी जाऊ, पप्पा."

मग ते उतरायला लागले. उतरणंही सोपं नव्हतं. प्रत्येक पायरीला गुडघ्यात झटका, आणि चढणाऱ्यांचा लोंढा समोरून अंगावर येणारा. कुणीतरी म्हणालं, दर्शन न घेता परत निघाली वाटतं. कुणीतरी म्हणालं, नवस अर्धा टाकला. मंगळवार लांब होता. त्या अहमदाबादच्या यंत्रातही काही दिसलं नाही तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, हे लाभुबेनना कळत होतं. एकदा साफ ठरलेल्या माणसाला आजारी ठरायला फार कष्ट पडतात.

वळणावर जबडा पुन्हा आवळला. पूर्वी अशा वेळी त्या पदर सारखा करायच्या, नाहीतर पायात काटा गेल्यासारखं वाकायच्या.

"थांबा," लाभुबेन म्हणाल्या. "दुखतंय."

पुढची तिघं जागच्या जागी थांबली.